कॅलिफोर्नियात घर घेताना-विकताना: इन्स्पेक्शन, एस्क्रो आणि क्लोजिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला येणारे फोन बहुतेक दोनच वेळी येतात: ऑफर मान्य झाल्याच्या रात्री, आणि क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर होण्याच्या, आदल्या दिवशी. मधल्या काळात सगळे सह्या करत सुटलेले असतात, कशावर ते न वाचता. मी एजंट नाही आणि वकीलही नाही. बे एरियात आम्ही दोन घरं घेतली, एक विकलं, आणि त्यानंतर ओळखीतल्या निम्म्या मंडळींच्या व्यवहारात नाक खुपसलं, एवढंच माझं क्वालिफिकेशन. तेच तेच प्रश्न येत राहतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. कर आणि कायद्यात शेवटचा शब्द तुमच्या सीपीएचा आणि वकिलाचा. सगळं कॅलिफोर्नियापुरतं आहे; न्यू जर्सीवाल्यांनी आधी प्रश्न २० वाचावा.

१. एस्क्रो म्हणजे नक्की काय? पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा असं काही नव्हतं.

पुण्यात टोकनचा चेक सरळ मालकाच्या हातात जातो आणि खरेदीखत होईपर्यंत दोन्ही बाजू एकमेकांकडे संशयाने बघत बसतात. इथे पैसे मालकाला मधे मिळतच नाहीत. घेणाऱ्याचे पैसे, बँकेचं कर्ज आणि विकणाऱ्याने सही केलेलं खरेदीखत, तिन्ही एका तिऱ्हाइताकडे जमा होतात. अटी पुऱ्या झाल्या की तो खरेदीखत काउंटी रेकॉर्डरकडे नोंदवतो आणि पैसे ज्याचे त्याला देतो. हा तिऱ्हाईत म्हणजे एस्क्रो. बे एरियात हे काम बहुधा टायटल कंपनीच, म्हणजे घराची मालकी तपासून तिचा विमा देणारी कंपनी, करते. लॉस एंजेलिसकडे स्वतंत्र एस्क्रो कंपन्या असतात. एस्क्रो ऑफिसर तुमचा नाही आणि समोरच्याचाही नाही. "काय वाटतं, घ्यावं का हे घर?" असं त्याला विचारून उपयोग नाही.

२. मग कर्जाच्या हप्त्यात दिसतो तो एस्क्रो कोणता?

नाव एक, गोष्ट वेगळी. घरपट्टी आणि विम्याचा बारावा हिस्सा बँक दर महिन्याला हप्त्यासोबत घेते आणि वेळ आली की तुमच्या वतीने भरते. त्या खात्यालाही एस्क्रो म्हणतात. कॅलिफोर्नियात इम्पाउंड हा शब्द जास्त ऐकू येतो. व्यवहाराचा एस्क्रो घर नावावर झालं की बंद होतो, हा पुढे वर्षानुवर्षं चालू शकतो. त्यातून काय भरलं जात नाही, ते प्रश्न १६ मध्ये.

३. ऑफर मान्य झाली. किती पैसे अडकतात आणि फिसकटलं तर परत मिळतात का?

इसार म्हणून साधारण किमतीच्या ३ टक्के. नेहमीच्या छापील करारात ते मान्यतेपासून ३ कामकाजाच्या दिवसांत एस्क्रोत पोचायला हवेत. १५ लाख डॉलरच्या घराला ४५ हजार. ३ टक्क्यांचाच आकडा का, तर लिक्विडेटेड डॅमेजेसच्या, म्हणजे करार मोडल्यास भरपाई किती ते आधीच ठरवणाऱ्या, कलमावर दोघांनी सह्या केल्या असतील आणि तुम्ही स्वतः राहायला घर घेत असाल, तर तुम्ही करार मोडल्यावर विकणाऱ्याला सहसा याहून जास्त ठेवून घेता येत नाही.

परत मिळणं अवलंबून आहे ते तुम्ही कोणती कंटिन्जन्सी (प्रश्न ४) कधी काढलीत त्यावर. शिवाय इसार सोडायला एस्क्रोला दोघांच्या सह्या लागतात. समोरचा रुसून बसला तर पैसे तिथेच पडून राहतात, मात्र खरा वाद नसताना मुद्दाम अडवून धरणाऱ्याला कायद्यात दंड आहे.

४. कंटिन्जन्सी म्हणजे काय? १७ दिवसांनी ती आपोआप संपते का?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

कंटिन्जन्सी म्हणजे "अमुक जमलं नाही तर मी इसार घेऊन बाहेर पडेन" असा राखून ठेवलेला हक्क. मुख्य तीन: इन्स्पेक्शन, अप्रेझल (बँकेने करून घेतलेलं घराचं मूल्यांकन), कर्ज. कॅलिफोर्नियाच्या रिअल्टर संघटनेच्या छापील करारात तिन्हींची मुदत, वेगळी न लिहिल्यास, १७ दिवस. ती ऑफर मान्य झाल्यापासून मोजतात आणि त्यात शनिवार-रविवारही धरतात.

आता गोम अशी की त्या करारानुसार मुदत उलटली म्हणून हक्क आपोआप जात नाही. तुम्ही लेखी काढून टाकेपर्यंत तो राहतो. पण मुदत संपत आली की विकणारा नोटीस देऊ शकतो, "दोन दिवसांत काढा". तरीही काढली नाहीत तर तो करार रद्द करू शकतो. उलट बाजूने, सही करून कंटिन्जन्सी काढलीत की हक्क त्या क्षणी गेला. आणि ही सही आजकाल फोनवर, मीटिंगच्या मधे, पिवळ्या चौकोनावर बोट टेकवून होते. आमच्या ओळखीत एकाने मुलीच्या फुटबॉल मॅचला उभ्या उभ्या तीन कागदांवर सह्या केल्या. तिसरा कागद कर्जाची कंटिन्जन्सी काढणारा होता आणि कर्जाची अंतिम मंजुरी यायला अजून आठ दिवस होते. सुदैवाने कर्ज आलं. त्या आठ रात्री तो माणूस झोपला नाही.

चांगल्या शाळांच्या भागात विनाअट, म्हणजे एकही कंटिन्जन्सी न ठेवता, ऑफर द्या असा आग्रह होतो. द्यायची तर द्या, पण पडेल ते सोसायची तयारी ठेवून.

५. विकणाऱ्यानेच इन्स्पेक्शनचे रिपोर्ट दिलेत. पुन्हा स्वतःचं कशाला?

बे एरियात विकणारा घर बाजारात आणायच्या आधीच तपासण्या करून शंभर-दोनशे पानांचं बाड तयार ठेवतो. ते जरूर वाचा, वाचलंच पाहिजे. पण तो रिपोर्ट विकणाऱ्याने पैसे देऊन करून घेतलेला असतो आणि इन्स्पेक्टरची जबाबदारी सहसा त्याच्यापुरती असते. कॅलिफोर्नियात होम इन्स्पेक्टरला राज्याचा परवाना लागत नाही, हे कळल्यावर बहुतेकांचे डोळे विस्फारतात. टर्माइटवाल्याला, म्हणजे वाळवी तपासणाऱ्याला, लागतो, होम इन्स्पेक्टरला नाही. म्हणून माणूस पारखून घ्या आणि त्याचा एखादा जुना रिपोर्ट मागून बघा.

विनाअट ऑफर द्यायची असेल तर ऑफरच्या आधीच स्वतःचा माणूस नेता येतो का ते विचारा. काहीशे डॉलर जातील आणि कदाचित घरही मिळणार नाही. तरी करा.

त्याच बाडात विकणाऱ्याने स्वतः भरलेलं टीडीएस असतं. हा आपला इन्कम टॅक्सवाला टीडीएस नव्हे; ट्रान्स्फर डिस्क्लोजर स्टेटमेंट, म्हणजे घरात काय बिघडलंय याची कबुली. ऑफर मान्य झाल्यानंतर ते हातात पडलं तर तीन दिवसांत, टपालाने आलं तर पाच दिवसांत व्यवहार रद्द करायचा हक्क कायद्यानेच आहे.

६. इन्स्पेक्शनच्या दिवशी आम्ही हजर राहायचं का? बघायचं काय?

राहायचं. निदान शेवटचा एक तास. रिपोर्टमध्ये प्रत्येक गोष्टीला सारखाच फोटो आणि सारखाच इशारा असतो: सैल झालेलं हँडल आणि खचलेला पाया शेजारी शेजारी. तोंडी विचारलं की इन्स्पेक्टर खरं सांगतो, "हे सोडा, ते बघा."

किचन कितीही चकचकीत असलं तरी पैसे खातात ते छप्पर, पाया, ड्रेनेज आणि वायरिंग. घराखालच्या क्रॉल स्पेसमध्ये इन्स्पेक्टर खरोखर सरपटत गेला का, हे त्याच्या गुडघ्यांवरून कळतं. १९५० ते ८० च्या दरम्यानच्या घरात फेडरल पॅसिफिक किंवा झिन्स्कोचं जुनं इलेक्ट्रिक पॅनल दिसलं तर बदलण्याचा खर्च धरून चाला. विमा कंपन्याही नाक मुरडतात. १९७८ च्या आधीच्या घरात शिशाच्या रंगाचा वेगळा खुलासा द्यावा लागतो. वॉटर हीटर भूकंपासाठी पट्ट्यांनी भिंतीला बांधलेला हवा. आणि गॅरेजची खोली केली असेल तर सिटीकडे परमिट शोधा, "सासू-सासऱ्यांसाठी छान खोली" असं एजंटने कितीही म्हटलं तरी.

सीवर लाइनमध्ये कॅमेरा घालून बघणं सर्वसाधारण इन्स्पेक्शनमध्ये येत नाही, वेगळं सांगावं लागतं. आमच्या दुसऱ्या घराला मी हट्टाने करून घेतलं. प्लंबरने छोटा पडदा अंगणात ठेवला आणि आम्ही दोघं उकिडवे बसून बघत होतो. पाइप, पाइप, पाइप, आणि मग सांध्यातून आत घुसलेल्या बारीक पांढऱ्या मुळ्यांचा झुबका, पाण्यात केसांसारखा हलणारा. समोरच्या झाडाचा. पुढचं प्रश्न ८ मध्ये. ओकलंड, अलामेडा, एमरीव्हिल अशा काही गावांत तर घर विकताना ही लाइन धड असल्याचा दाखला ईस्ट बे मड या तिथल्या पाणी-सांडपाणी संस्थेकडून घ्यावाच लागतो.

७. टर्माइट रिपोर्टमधलं सेक्शन १ आणि सेक्शन २ म्हणजे काय?

सेक्शन १: वाळवी किंवा लाकडाची कूज आत्ता चालू आहे. सेक्शन २: अजून नाही, पण होईल अशी स्थिती, म्हणजे गळका नळ, लाकडाला टेकलेली माती. सेक्शन १ चा खर्च बघून घाबरू नका. या भागातल्या जुन्या लाकडी घरात ते कोरं असेल तरच मी भुवया उंचावेन.

८. दोष सापडले. दुरुस्त करून मागायचं की पैसे कमी करून?

पैसे. विकणाऱ्याचं मन आता या घरातून उठलेलं असतं. तो सगळ्यात स्वस्त माणूस बोलावून वरवर मलमपट्टी करणार. क्रेडिट घ्या, म्हणजे क्लोजिंगच्या हिशेबात तेवढे पैसे वळते करून घ्या, आणि काम आपल्या माणसाकडून करा. मात्र क्रेडिट किती घेता येईल यावर बँकेची मर्यादा असते, म्हणून आकडा ठरवण्याआधी लोन ऑफिसरला विचारा. मोठी रक्कम असेल तर सरळ किंमत कमी करून घ्या.

मागताना वीस कलमांची यादी देऊ नका. आम्ही फक्त सीवर लाइन मागितली, व्हिडिओ आणि दोन प्लंबरांची अंदाजपत्रकं जोडून. थोडी घासाघीस होऊन जवळजवळ सगळे पैसे मिळाले. लक्षात ठेवा, विकणाऱ्यावर काहीही द्यायची सक्ती नाही. तुमची बाजू भक्कम असते ती कंटिन्जन्सी हातात असेपर्यंतच (प्रश्न ४).

९. या घरात कोणी वारलं होतं का, हे विचारलं तर वाईट दिसेल का?

अजिबात नाही. आणि हा प्रश्न फक्त आपल्याच आज्या विचारतात असंही नाही. ऑफरच्या आधीच्या तीन वर्षांत घरात मृत्यू झाला असेल तर विकणाऱ्याने तो सांगायला हवा. त्याहून जुना आपणहून सांगायची सक्ती नाही, पण तुम्ही थेट विचारलंत तर त्याला खोटं बोलता येत नाही. म्हणून विचारायचंच असेल तर एजंटमार्फत लेखी विचारा.

१०. अप्रेझल कमी आलं तर?

बँक करारातली किंमत आणि अप्रेझल यातल्या कमी आकड्यावर कर्ज देते. १५ लाखांचं घर, २० टक्के डाउन, म्हणजे तुमचे ३ लाख. अप्रेझल १४ लाख ४० हजार आलं तर ८० टक्के कर्ज ११ लाख ५२ हजार होतं. वरचे ४८ हजार तुम्हाला आणखी उभे करावे लागतात. किंमत कमी करून मागा, पैसे घाला किंवा अप्रेझलची कंटिन्जन्सी शिल्लक असेल तर बाहेर पडा.

११. घराचा विमा क्लोजिंगच्या आठवड्यात घेतला तर चालेल ना?

पूर्वी चालायचं. आता पहिल्या आठवड्यातच कोटेशन घ्या. २०२३ च्या मेमध्ये स्टेट फार्मने कॅलिफोर्नियात घरांच्या विम्याचे नवे अर्ज घेणं थांबवलं, इतर कंपन्यांनीही हात आखडले, आणि डोंगराकडच्या, वणव्याच्या पट्ट्यातल्या घरांना शेवटी फेअर प्लॅनचा, म्हणजे दुसरीकडे विमा न मिळणाऱ्यांसाठीच्या योजनेचा, महागडा आसरा घ्यावा लागतो. विमा नाही तर कर्ज नाही. नॅचरल हॅझर्डचा रिपोर्ट बाडात असतोच. आगीच्या पट्ट्यात "हो" वर खूण असेल तर त्याच दिवशी विमा एजंटला फोन करा.

१२. डाउन पेमेंटसाठी आई-बाबा भारतातून पैसे पाठवणार आहेत. काय काळजी घ्यायची?

सगळ्यात मोठी काळजी वेळेची. बँक साधारण मागच्या दोन महिन्यांची स्टेटमेंट बघते आणि प्रत्येक मोठी जमा कुठून आली ते विचारते. बाबांचं गिफ्ट लेटर, त्यांच्या खात्यातून पैसे निघाल्याचा आणि तुमच्या खात्यात आल्याचा पुरावा, सगळं लागतं. काका, मामा आणि एफडी मोडून तीन खात्यांतून आलेली रक्कम समजावून सांगता सांगता नाकी नऊ येतात. एका खात्यातून, एकदाच.

भारतात रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात. आई आणि बाबा वेगवेगळे धरतात. १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतलेला आगाऊ कर, कापला जातो. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर तेवढे पैसे अडकतात हे बाबांना आधी सांगा, नाहीतर फोनवर वेगळाच तमाशा होतो. अमेरिकेत अशा भेटीवर तुम्हाला कर नाही, पण वर्षात १ लाख डॉलरच्या वर गेलात तर फॉर्म ३५२० भरावा लागतो. विसरलात तर दंड २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. कर शून्य आणि दंड हजारोंचा, असा हा फॉर्म आहे.

१३. मी एच-१बी वर आहे. एस्क्रो चालू असताना नोकरी गेली तर?

आधी सोपा भाग: एच-१बी वर साधं कन्व्हेन्शनल कर्ज मिळतं. एफएचए, म्हणजे सरकारी हमीचं कर्ज, मात्र २५ मे २०२५ पासून ग्रीन कार्ड नसलेल्या तात्पुरत्या रहिवाशांना बंद झालं.

नोकरी गेली तर लपवू नका. पैसे सोडण्याआधी बँक कंपनीकडे पुन्हा चौकशी करते, म्हणजे कळणारच, आणि लपवणं हा गुन्हा आहे. कर्जाची कंटिन्जन्सी हातात असेल तर इसार घेऊन बाहेर पडता येतं. काढली असेल तर जोडीदाराच्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसतं का ते बघा, विकणाऱ्याकडे मुदत मागा, आणि वकील गाठा. म्हणूनच कंपनीत कुजबुज सुरू असताना विनाअट ऑफर देऊ नये, असं मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येकजण "आमच्या टीमला काही होणार नाही" म्हणतो.

१४. क्लोजिंगच्या वेळी बायको भारतात असेल. सही कशी करायची?

दोन वाटा. एक, तिने जाण्याआधी याच व्यवहारापुरतं मुखत्यारपत्र करून ठेवायचं, पण त्याचा मसुदा बँक आणि टायटल कंपनीने आधी मान्य केलेला हवा. एरवीचं सर्वसाधारण मुखत्यारपत्र बहुतेक वेळा नाकारतात. दोन, मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत नोटरीची वेळ घ्यायची. प्रत्येक शिक्क्याला ५० डॉलर, आणि हवी तेव्हा वेळ मिळेलच असं नाही. कोपऱ्यावरच्या नोटरीचा शिक्का इथे नुसता चालत नाही; त्यावर अपोस्टील, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी प्रमाणन, लागतं, आणि तेही टायटल कंपनीला चालतं का ते आधी विचारा.

१५. क्लोजिंगचा खर्च कोण काय भरतं?

बराचसा रिवाज, आणि तो काउंटीगणिक बदलतो. सांता क्लारात एस्क्रो आणि मालकाच्या टायटल विम्याचा खर्च सहसा विकणारा करतो, अलामेडात घेणारा. काउंटीचा हस्तांतरण कर हजाराला १ डॉलर १० सेंट. सॅन होजे त्यावर आपला हजाराला ३ डॉलर ३० सेंट लावते. १५ लाखांच्या घराला हे दोन मिळून ६,६०० डॉलर होतात. आपल्याकडच्या स्टँप ड्यूटीपुढे किरकोळच. टायटल विमा म्हणजे आपला सर्च रिपोर्ट, फक्त चूक निघाली तर भरपाई देणारा. बँकेचा वेगळा, तुमचा वेगळा. तुमचा टाळू नका.

१६. बँक घरपट्टी भरते, तरी काउंटीचं वेगळं बिल आलं. फसवणूक आहे का?

नाही, सप्लिमेंटल टॅक्स आहे. १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे जुन्या मालकाचं मूल्यांकन वर्षाला फार तर २ टक्क्यांनी वाढत आलेलं असतं. विक्री झाली की ते तुमच्या किमतीवर येतं. त्याचं मूल्यांकन ४ लाख आणि तुमची खरेदी १५ लाखांची असेल, तर वरच्या ११ लाखांवरचा फरकाचा कर उरलेल्या महिन्यांच्या हिशेबाने वेगळा येतो. जानेवारी ते मेमध्ये क्लोज झालात तर अशी दोन बिलं. ती थेट तुमच्या पत्त्यावर येतात आणि इम्पाउंडमधून सहसा भरली जात नाहीत. क्लोजिंगनंतर खात्यात काही हजार शिल्लक ठेवा; सोफा दिवाळीनंतर घ्या.

१७. शेवटच्या आठवड्यात काय काय होतं?

बँकेने क्लोजिंग डिस्क्लोजर सही करायच्या निदान तीन कामकाजाचे दिवस आधी द्यायला हवं. त्यातले आकडे पहिल्या लोन एस्टिमेटशेजारी ठेवून ओळ न् ओळ बघा. मग नोटरीसमोर सह्यांचा गठ्ठा, तासभर. विकणारा त्या खोलीत नसतो. कित्येकांची तर एकमेकांशी कधी गाठच पडत नाही. बँकेचे पैसे येतात, काउंटीत नोंद होते, आणि नोंद झाल्याचा निरोप आल्यावर किल्ली. सही केली त्या दिवशी घर तुमचं होत नाही.

पैसे वायर करण्याआधी एस्क्रोला फोन करून खाते क्रमांक पडताळा, आणि तो फोन पहिल्या दिवशी मिळालेल्या नंबरवर करा, ईमेलमधल्या नाही. "आमचं खातं बदललं आहे" असा ईमेल हुबेहूब एस्क्रोच्या नावाने येतो. गेलेले पैसे परत मिळवणं फार अवघड असतं.

१८. फायनल वॉकथ्रूमध्ये बघायचं ते काय उरलं?

ही फेरी क्लोजिंगच्या आधीच्या पाच दिवसांत होते. पाच मिनिटांची चक्कर मारून नुसते फोटो काढून परतू नका. सगळे नळ एकदम सोडा, शेगडी पेटवा, वॉशिंग मशीन रिकामं फिरवा. पडद्यांचे दांडे आणि भिंतीला पक्क्या केलेल्या गोष्टी घरासोबत येतात. फ्रिज आणि वॉशर-ड्रायर करारात लिहिले असतील तरच. आम्ही लिहिले नव्हते. फ्रिजच्या जागी चौकोनी धूळ आणि मुलांचं एक लोहचुंबकाचं अक्षर पडलेलं होतं.

१९. क्लोजिंगची तारीख मुहूर्तावर घेता येईल का?

मागता येते, हमी मिळत नाही. एक कागद अडला की तारीख दोन दिवस पुढे. पितृपक्ष टाळायचा असेल तर ऑफरमध्येच ३० ऐवजी ४० दिवस मागा. पण कर्जाचा लॉक केलेला दर कधी संपतो ते बघून. मुदतवाढीचे पैसे पडतात. त्यापेक्षा क्लोजिंग कधीही होऊ द्या आणि मुहूर्त वास्तुशांतीला ठेवा. विकणाऱ्याने रेंट-बॅक मागितला, म्हणजे विकल्यावर काही दिवस तिथेच राहणार असेल, तर गुरुजींना तारीख देण्याआधी तो हिशेब करा. बँकेला तुम्ही ६० दिवसांत राहायला जायला हवे असता, म्हणून रेंट-बॅकही सहसा त्याच्या आतच. होमाच्या आधी स्मोक डिटेक्टरवर शॉवर कॅप चढवा, आणि नंतर आठवणीने काढा.

२०. आम्ही न्यू जर्सीत आहोत. हेच नियम ना?

नाही. एजंटने तयार केलेल्या करारावर दोघांच्या सह्या झाल्या तरी तीन कामकाजाचे दिवस वकिलांना तो तपासायला, बदलायला किंवा रद्द करायला मिळतात. म्हणून वकील आधीच ठरवून ठेवा. उत्तर जर्सीत क्लोजिंगही बहुधा वकीलच सांभाळतात. १० लाख डॉलरवरच्या घरांचा मॅन्शन टॅक्स १० जुलै २०२५ पासून घेणाऱ्याऐवजी विकणाऱ्यावर आला आहे. पुढचा प्रश्न मात्र, कॅलिफोर्नियाची कपात सोडली तर, दोन्हीकडे लागू.

२१. आम्ही भारतात परतलो. इथलं घर आता विकलं तर किती पैसे कापतात?

कराच्या दृष्टीने तुम्ही परदेशी झाला असाल तर फर्प्टा लागतो: घेणाऱ्याने एकूण किमतीच्या १५ टक्के रक्कम कापून आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याकडे, भरायची. नफ्याच्या नव्हे, किमतीच्या. घेणारा स्वतः राहणार असेल तर १० लाख डॉलरपर्यंत १० टक्के, ३ लाखांपर्यंत काही नाही. हा अंतिम कर नसतो. पुढच्या वर्षी रिटर्न भरून उरलेलं परत मिळतं. नफाच कमी असेल तर क्लोजिंगच्या आधी फॉर्म ८२८८-बी भरा, म्हणजे आयआरएसचं उत्तर येईपर्यंत पैसे एस्क्रोत थांबतात. कॅलिफोर्निया आपली सव्वातीन टक्क्यांहून थोडी जास्त कपात वेगळी करते. त्यातून सूट मिळते का ते फॉर्म ५९३ वर ठरतं.

इथेच राहणाऱ्या एच-१बी वाल्यांना फर्प्टा सहसा लागत नाही, कारण कराच्या हिशेबात ते रहिवासी असतात. नागरिकत्वाशी त्याचा संबंध नाही.

मागच्या पाच वर्षांतली दोन वर्षं ते तुमचं राहतं घर असेल तर नफ्यातले अडीच लाख, जोडप्याला एकत्र रिटर्नवर पाच लाख डॉलर करमुक्त आहेत. हे आकडे १९९७ पासून बदललेले नाहीत. म्हणजे परतल्यावर घर भाड्याने दिलं असेल तर तीन वर्षांच्या आत विक्रीची नोंद व्हायला हवी. शेवटचा दिवस ऑफरच्या नव्हे, क्लोजिंगच्या तारखेवरून मोजा.